चांद्याचं भेव

काय सांगू तुम्हाला, माहा जल्म हसनाबादचा, निजामाच्या अमदानीतला. आमी धनगर, आज्यापर्यंत मेंढरामागं हिंडलेलो, माह्या बापानं, आबानं, पहिल्यांदा जमीन धरली अन् इहीर खोदली. पानी मोटंनं काढायचं. तुमी कुठून पाह्यली असनार मोट! चामड्याची मोठी बादली म्हना, दोराला बांधलेली, बैलं उतारानं खाली गेले की ती भरून वर येती, मंग बैलाला मागं मागं चालवत इहिरीच्या काठाशी आनायचं. बैलाला मागचं दिसत न्हाई, तो हाकनाऱ्याच्या भरवशावर येतो. मला लई नाद त्याचा, दोरावर बसून उतारानं जायचं अन् गानं म्हनायचं, आवाज पार वेशीपर्यंत जायचा. हसा तुमी, पन व्हता माहा आवाज.

अन् एक दिवस काठाचा दगड निसटला, जोडीतला एक बैल मागं येता येता इहिरीत गेला. त्याच्या मानंची जुपनी, जुवाला बांधायचा पट्टा, तुटली म्हनून दुसरा, चांद्या, वाचला अन् मी बी वाचलो. त्या बैलाचं वरडनं अजून कानात हाय.

दगड पुन्हा बसवला, चुलत्यानं जोडीला आपला बैल देतो म्हनलं, पन मला इहिरीकडं जाववेना. बांधावर गेलो की छाती धडधड, हातपाय गार, दम कोंडायचा, वाटायचं आता मेलोच. मिसरूड फुटलेला गडी मी, अन् मोटंच्या चाकाची नुसती कुरकुर ऐकली की मटकन खाली बसायचो. माय म्हनली बाह्यरचं झालं, लिंबू उतरवलं, भोकरदनच्या हकिमाचा काढा पाजला, काढा असला कडू का विचारू नका, पन भेव तिथंच. मी घरात पडून, अन् तिकडं गहू सुकून राह्यला. आबाचा गुडघा गेल्ता, मोट मीच हाकायची व्हती.

मंग एका सकाळी आबा म्हनला, पोरा, चांद्या भेलाय, इहिरीकडं पाय टाकत न्हाई, असाच राह्यला तर इकावा लागंल. मी उठून बसलो, मीच वाढवलेला तो. आबा म्हनला, मेंढरं नदीत कशी घालतो आपुन, आधी काठाला चारतो, तसंच कर. त्याला लिंबाखाली ने, तिथून इहीर दिसती, तिथं पेंड चार, बिलकुल जल्दी न्हाई, पन त्याचा जीव थाऱ्यावर येईस्तवर तिथून हालू बी नको, आधीच पळालास तर भेव पक्कं व्हतं.

चांद्या निवांत पेंड खायाचा अन् मी कासरा धरून घामानं भिजायचो. आबा दुसरीकडं तोंड करून चिलीम ओढायचा अन् बैलाला म्हनायचा, हाय मी, बाबा, हाय मी. लिंबाखाली सवय झाली मंग बांधाच्या अलीकडं, मंग उताराच्या तोंडाशी. मधीच एकदा वाऱ्यानं मोटंचं चाक कुरकुरलं अन् मी कासरा टाकून घर गाठलं. आबा एवढंच बोलला, उद्या चांद्याला परत लिंबाखालून आन. असं करता करता काठ आला, चुलत्याचा बैल जोडीला आला, मोट खाली गेली, भरून वर आली, अन् माय वट्यावरून वरडली, अगं बाई, गाऊन राह्यला! मला सवताला पत्ता न्हाई. गहू वाचला.

पुढं रझाकाराची गडबड झाली, निजाम गेला, आबा बी गेला. त्याच्या माघारी एकदा माय हसत हसत बोलून गेली, येड्या, चांद्या कवा भेला? तू घरात पडून व्हता तव्हा चुलता त्याला रोज सवताच्या इहिरीवर मोटंला जुपत व्हता, बराबर चालायचा. मी किती येळ रडलो सांगू. जिता असता तर पायावर डोकं ठेवलं असतं आबाच्या.

आता बटन दाबलं की पानी येतं. मी सांजंला काठावर पाय सोडून बसतो, आवाज राह्यला न्हाई, तरी गुनगुनतो. लेकरांनो, तुमचं भेव बैलाच्या नावावर घालनारं मानूस तुम्हाला बी मिळो.