घरातल्या आजारांचा रकाना

नचिकेत : बाबा, विषय बदलू नका. तात्याआजोबा हार्टनं गेले, हे खरं की खोटं?

श्रीरंग : तसं सांगायचं ठरलं होतं. सुमित्राचं लग्न जमवायचं होतं ना.

नचिकेत : म्हणजे आजोबांची ब्लडप्रेशरनं किडनीच गेली होती. आणि सुमित्राआत्या? कावीळ म्हणायचात.

श्रीरंग : तिलाही ब्लडप्रेशर. मग लघवी कमी झाली, अंगावर सूज आली. अडतिसाव्या वर्षी गेली रे.

नचिकेत : हे सगळं ठाऊक असून नव्याण्णव साली, मानेसरच्या नोकरीच्या मेडिकल फॉर्मवर, तुम्ही लिहिलंत, घरातले आजार : निल.

श्रीरंग : तूच म्हणालास, माझं अक्षर घाण आहे, तुम्ही भरा. मिनिस्ट्रीत बत्तीस वर्षं तेच केलं मी. रकान्यात काही लिहिलं की प्रश्न येतात. निल लिहिलं की फाइल पुढे सरकते. नोकरी लागली ना तुला?

नचिकेत : लागली. पण यार बाबा, सही करताना ते मी वाचलं आणि खरं मानलं! डोकं दुखायचं तेव्हा कंपनीच्या डॉक्टरनं विचारलं, घरात कुणाला बीपी? मी छातीठोकपणे म्हणालो, बिल्कुल नाही. तो म्हणाला, शिफ्टचं टेन्शन आहे.

श्रीरंग : डॉक्टर काल काय म्हणाले?

नचिकेत : घराण्यात असलं म्हणून सगळ्यांना होतंच असं नाही. पण वेळेवर कळलं असतं तर साध्या गोळ्यांवर बरीच वर्षं निभावलं असतं. आता डायलिसिस.

श्रीरंग : दिवाळीत तुझे पाय पाहिले मी. चपलेचे वळ उठले होते. तात्यांचे असेच उठायचे.

नचिकेत : पाहिलेत? आणि गप्प बसलात?

श्रीरंग : सांगितलं तर म्हणशील, आधी का लपवलंत. त्या भीतीनं बसलो. चुकलो रे, फार चुकलो. माझी किडनी घे.

नचिकेत : तुमचंही प्रेशर काल एकशे ऐंशी निघालं, बाबा. तुमची चालणार नाही.

(नचिकेत पिशवीतून एक कागद काढतो.)

नचिकेत : हा घ्या पेन. माझ्या कृतिकाच्या नर्सरीचा फॉर्म आहे, गुडगावच्या नव्या शाळेचा. त्यातही तोच रकाना आहे.

(श्रीरंग चष्मा पुसतात. बत्तीस वर्षांत ज्यांचा हात कधी अडला नव्हता, ते एकेक अक्षर जपून लिहितात.)

श्रीरंग : पणजोबा. आजोबांची बहीण. आजोबा. झालं.

नचिकेत : अजून एक ओळ आहे.

श्रीरंग : ती तू लिही.

नचिकेत : माझं अक्षर घाण आहे, बाबा. तुम्हीच लिहा.