जिन्यातलं कपाट

प्रीती : नाही म्हणजे? काका, अंकुशला नाही म्हणायचं? फॉर्मवर सगळ्यांत वर नाव आहे त्याचं!

देवराव : फॉर्मवर असंन. जिन्यात शेवटचा आला.

प्रीती : तुमचा तो जिना! सकाळपासून ऑफिसचं लोखंडी कपाट तीनदा वर गेलं अन् तीनदा खाली आलं. वरच्या सिंधूताई मला विचारून राहिल्या, बाई, ऑफिस हलवून राहिली का बंद करून राहिली?

देवराव : त्याईले म्हना, भरती चालू आहे.

प्रीती : लोक भरतीला मुलाखत घेतात, काका. मी कोर्स करून चाळीस प्रश्नांचा फॉर्म आणला. कोणाचा स्वभाव कसा, कोण पुढाकार घेतो, कोण चारचौघांत मिसळतो, सगळं निघतं त्यातून. अन् तुम्ही लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांकडून हमाली करून घेऊन राहिले!

देवराव : तुह्या फॉर्मनं एकेक मानूस मोजला. लिफ्टीवर कधी एकटा मानूस काम करते का वं? एक गच्चीवर मशीनच्या खोलीत, दुसरा खालते दरवाज्यापाशी. मधात चार-पाच मजले. दोघं एकमेकाले दिसत नाई. आपल्या जिन्याच्या वळनावर कपाट आलं का तसंच होते. वरच्याले खालचा दिसत नाई, खालच्याले वरचा. फकस्त शब्द ऐकू येते.

प्रीती : हे सकाळीच सांगितलं असतं तर?

देवराव : सकाळी तू कोर्सचं सांगून राह्यली होती. मधात कोन बोलंन?

प्रीती : बरं. आता सांगा, अंकुशचं काय बिघडलं?

देवराव : वरून हुकूम सोडे. 'उचल! फिरव! टेकव!' खालून तो श्रीधर म्हने, 'थांबा, पाय...' ऐकते कोन? कपाट गेलं भिंतीवर. पोपडा पाह्य केवढा निघाला. आतमधी सहा कप होते, चार राह्यले.

प्रीती : मग श्रीधरनी ओरडून सांगायला काय झालं होतं? फॉर्मवरही तेच निघालं. कमी बोलतो, मिसळत नाही.

देवराव : अन् ते रामटेकवाली पोट्टी, पुष्पलता?

प्रीती : तिच्या नावापुढे मी लाल खूण केली. वाद घालते ती. अर्ध्या तासात मला अकरा वेळा 'काहून' विचारलं, मोजून. चपला बाहेर काहून काढायच्या? पाटीवर तुमच्या वडिलांचंच नाव काहून, तुमचं काहून नाही?

देवराव : मग? तू काय सांगतलं?

प्रीती : फॉर्मवरचा पुढचा प्रश्न विचारला.

देवराव : तिले अंकुशसंगं लावली तं त्यानं 'उचल' म्हनलं, इनं 'काहून' म्हनलं. तो म्हने, तुले काय करायचं? झालं. कपाट वळनावर उभं अन् दोघाईची जुंपली. माहा चहा थंडा झाला. मंग तिसऱ्या खेपेले वरते पुष्पलता, खालते श्रीधर. तू तवा फोनवर होती. मी जिन्यात बसून ऐकलं. तो म्हने, 'दोन बोटं डावीकडं.' हे म्हने, 'दोन बोटं डावीकडं. काहून?' 'कठडा.' 'बरं, कठडा आहे. सरकवते.' असं आख्खं कपाट वर गेलं, अन् आतले चार कप वाजले नाईत वं! एकदा बी नाई!

प्रीती : कपांवर माझं भविष्य ठरवून राहिले तुम्ही. शनिवारी दवाखान्याची परीक्षा आहे, काका. जी कंपनी जिंकेल तिला चार लिफ्टांच्या देखभालीचं काम. मोठमोठ्या कंपन्या येणार. ते काम गेलं तर मला कुलूप लावावं लागेल. आठ माणसं घरी बसतील. बाबांनी आपल्या दीड हातानं उभं केलेलं आहे हे सगळं. अन् तिथं मी एक भांडखोर अन् एक मुका पाठवू?

देवराव : पोरी, तुह्या बापाची बोटं कशी गेली, माहीत आहे तुले?

प्रीती : हे काय मधेच? स्विच खराब होता. लहानपणापासून ऐकून राहिली मी.

देवराव : स्विच चांगला होता वं.

प्रीती : म्हणजे?

देवराव : मी वरते होतो. तुहा बाप धोंडबा खालते, दरवाज्यात हात. त्यानं बोलाले सुरुवात केली अन् मले वाटलं, पुढचं मले माहीत आहे. दहा वर्षं संगं काम केलेलं. वाक्य अर्धं होतं त्याचं. मी 'हो, हो' म्हनलं अन् लिफ्ट चालवली.

प्रीती : बाबांचा हात आत असताना?

देवराव : मालकाले, पोलिसाले, तुह्या मायले, सगळ्याईले त्यानं स्विचच सांगतला. तीन बोटं गेली, पन माहं नाव नाई घेतलं. मीही गप राह्यलो. बावीस वर्षं.

प्रीती : मला आज काहून सांगून राहिले?

देवराव : तू इचारलं ना, कोनाले पाठवू? माह्यासारख्याले नको पाठवू. मी हुशार होतो, बोलका होतो, सगळ्यात मिसळे. तुह्या फॉर्मवर माहाच पयला नंबर आला असता.

प्रीती : मला तुमचा राग आला आहे, काका. खूप राग आला आहे.

देवराव : येऊ दे.

प्रीती : तो फॉर्म द्या इकडे.

देवराव : फाडते?

प्रीती : नाही. लाल खूण खोडते. अन् अंकुशचं काय करायचं?

देवराव : त्याले घे ना! फोनवर बसव. लिफ्टीत अडकलेल्या मानसाले धीर द्याले तसाच दनदनीत आवाज लागते. पोट्टा वाईट नाई वं, फकस्त जिन्यातला नाई.

(शनिवार, दुपार. दवाखान्याच्या आवारातून देवरावांनी घरी धोंडबांना फोन लावला आहे. फोन स्पीकरवर, प्रीती शेजारी.)

धोंडबा : बोल.

देवराव : धोंडबा! आपलं झालं गा! चारही लिफ्टा! तीन वर्षं!

धोंडबा : सुरुवातीपासून सांग.

देवराव : अरे, दवाखान्याच्या साहेबानं रिकामी लिफ्ट दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मधात अडकवली. म्हने, ईस मिनटात मजल्याले लावा अन् दरवाजा उघडा. आपल्या आंधी दोन कंपन्या आल्या. कोट घातलेले, पाच-पाच जन! पाचही जन साहेब, पाचही जन हुकूम देऊन राह्यले.

धोंडबा : आपले किती?

देवराव : दोन. पुष्पलता गच्चीवर, श्रीधर तिसऱ्या मजल्यावर दरवाज्यापाशी. मी पुष्पलताच्या मांगं, तोंडावर हात ठेवून.

प्रीती : खरंच ठेवला होता, बाबा. मी पाहिलं.

देवराव : तो म्हने, 'मेन बंद?' हे म्हने, 'मेन बंद. चावी माह्या खिशात.' तो म्हने, 'एक वीत वर.' 'एक वीत वर. काहून?' 'उंबरठा.' मंग हातानं मशीनचं चाक फिरवलं गा तिनं, सावकाश, अन् लिफ्ट मजल्याले आली. मी घड्याळ पाह्यलं. अकरा मिनटं!

धोंडबा : मंग?

देवराव : मंग तो साहेब आमच्या मशीनच्या खोलीत आला. मोठ्यानं म्हने, 'झालं, झालं! खालून ओके आहे. मेन चालू करा!' धोंडबा, खरं सांगतो, माह्या तोंडात 'हो' आलं होतं. हाताखाली गिळलं म्यां.

धोंडबा : अन् ते पोरगी?

देवराव : म्हने, 'काहून? श्रीधरचा शब्द आला नाई.' साहेब म्हने, 'इथला इंजिनीयर मी आहे, मी सांगतो.' तं हे म्हने, 'साहेब, दरवाज्यात हात तुमचा नाई.'

धोंडबा : ...असं म्हनली?

देवराव : असं म्हनली! अन् खरंच गा, श्रीधरचा हात तवा दरवाज्याच्या पट्टीत होता. खडा अडकला होता तिथं, तो काढून राह्यला होता. काढला, हात बाहेर घेतला, मंग म्हने, 'चालव.' हे म्हने, 'चालवते. हात कुठी आहे?' 'खिशात.' तवा चावी फिरवली. चौदा मिनटं! साहेब हसाले लागला. म्हने, हा डाव मी तिन्ही कंपन्याईवर टाकला. आंधीच्या दोन कंपन्याईनं माह्या एका शब्दावर चालू केली.

प्रीती : अन् बाबा, खाली लिफ्टसमोर ही एवढी गर्दी. अंकुशनी सगळ्यांना हसवत, समजावत जिन्याकडे वळवलं. एक माणूस चिडला नाही. पुष्पलता खाली आली ती थेट त्याच्याकडे गेली अन् म्हणाली, तुमचा आवाज गच्चीवर येत होता, बरं वाटलं.

धोंडबा : चांगले निवडले, पोरी.

प्रीती : मी नाही, काकांनी निवडले. मी तर खोडायला निघाली होती.

देवराव : धोंडबा, एक सांगाचं आहे. पोरीले सांगतलं मी. स्विचचं.

धोंडबा : ...काहून?

देवराव : या दोघाईले काहून घ्याचं, ते तिनं इचारलं. दुसरं कारन माह्यापाशी नव्हतं.

धोंडबा : रागावली?

प्रीती : रागावली ना. काकांवर रागावली, अन् तुमच्यावरही. बावीस वर्षं त्या बिचाऱ्या स्विचला बोल लावला दोघांनी. पण आज गच्चीवर काकांना तोंडावर हात धरून उभं पाहिलं, अन् राग कुठं गेला कोण जाणे. मला रडूच आलं, बाबा.

धोंडबा : देवराव.

देवराव : हो.

धोंडबा : संध्याकाळी घरी ये. जेवाले. त्या तिघाईले संगं घेऊन ये.

देवराव : हो, हो...

धोंडबा : हो नको म्हनू. काय ऐकलं, ते सांग.

देवराव : संध्याकाळी घरी येतो. जेवाले. त्या तिघाईले संगं घेऊन येतो.

धोंडबा : बरोबर. ये आता.