खोड काढायला आलेला माणूस

— आधी हात काढा त्या बॉनेटवरून. काढा म्हटलं ना. आता सांगा, गार लागलं का गरम? गारच लागणार, कारण सकाळपासून मी याला बोटसुद्धा लावलेलं नाही. विकणारे काय करतात ठाऊक आहे? गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तापवून ठेवतात, म्हणजे समोर आलं की पहिल्या झटक्याला सुरू होतं आणि गिऱ्हाईक खूश. तसली लबाडी मी करत नाही. मला कुणाला खूश करायचंच नाही मुळी, आणि तुम्हाला तर नाहीच नाही. बूट बघा तुमचे — असले बूट घालून कुणी ट्रॅक्टर बघायला येतं? इथं चिखल आहे, शेण आहे, तेल आहे. बरं, असू द्या, बूट तुमचे, पाय तुमचे, मला काय करायचंय.

जागा किती म्हणालात? एवढीशी? आणि त्यात चढ? मग ट्रॅक्टर कशाला, दोन बकऱ्या पाळा, गवत त्या खातील. हसू नका, मी काही गंमत करायला उभा नाही इथं. गवत कापायचं, खत ओढायचं, चार लाकडं वाहायची, एवढंच ना? तेवढ्याला मोठं धूड घेऊ नका, जमीन दाबून टाकतं आणि वळायला जागा मागतं. तेवढ्याला हा छोटा पुरेल. पुरेल म्हणजे — पुरला असता. धड असता तर. वाका. खाली वाका ना, कंबरेला काय झालंय तुमच्या? तेलाचा डाग दिसतोय का जमिनीवर? नाही? नीट बघा की. नाही? हं. पण डाग नाही म्हणजे गळत नाही असं थोडंच आहे. टायर बघा, टायर गेलेत. चांगले? अहो कसले चांगले, आमच्या मिस्त्रीनं मध्यंतरी नवे घातले म्हणून चांगले दिसतात, पण नवं सामान हल्ली येतं कसं, फालतू, नुसतं रबर फासलेलं. आणि मागची लिफ्ट — तो छोटा दांडा आहे ना सीटच्या शेजारी, त्यानं अवजार वर उचलायचं आणि इंजिन बंद करून सोडून द्यायचं. चहा पिऊन या. तोवर खाली बसलं असेल तर समजा लिफ्ट गेली. काल उचलून ठेवलंय मी. काय? — अजून वरच आहे. दिसतंय मला, मी आंधळा नाही. थंडीनं अडकलं असेल.

तुम्ही काही बोलणार आहात का? का नुसते फिरत राहणार देवळात फिरल्यासारखे? अहो, घ्यायला आलाय तुम्ही! खोड काढा! काय माणूस आहात हो. मी जन्मभर दुसऱ्याच्या वापरलेल्या वस्तू घेत आलो — पंप घेतला, पाण्याची टाकी घेतली, या घराची दारंसुद्धा दुसऱ्याच्या मोडलेल्या घराची — पण कधी म्हणजे कधी मालकासमोर वस्तूला चांगलं म्हटलं नाही. चांगलं म्हटलं की संपलं. हा घ्यायला गेलो तेव्हा मालकाला म्हटलं, याचा आवाज दमेकऱ्यासारखा येतो, रंग उडालाय, सीटवर बसलं की हाडं खिळखिळी होतात. रडकुंडीला आला होता बिचारा. आणि मनातून मला इतका आवडला होता की परत येताना वाटेत कुठं थांबलो नाही, लघवीलासुद्धा नाही. ही रीत आहे. घेणाऱ्यानं नावं ठेवायची, विकणाऱ्यानं ऐकून घ्यायची. तुमच्या बापानं शिकवलं नाही का तुम्हाला?

बरं, तुम्हाला जमत नसेल तर मीच सांगतो. क्लच गेलाय याचा. हां. ऐकलंत? क्लच. गियरचा दांडा टाकायला गेलं की किर्रर्र करून ओरडतो, दात विचकतो नुसता, आणि पडला गियर तर असा उसळतो की माणूस मागच्या मागं. मिस्त्रीला दोनदा बोलावलं — आम्ही त्याला तेलकट म्हणतो, त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला तरी माहीत आहे का देव जाणे. आला, उघडलं, बघितलं, बंद केलं, म्हणाला, बाबा, क्लच ठणठणीत आहे. दुसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, बाबा, पूर्ण दाबत चला. पूर्ण दाबत चला! मला! त्याच्या तोंडाला दुधाचा वास येत होता तेव्हापासून मी क्लच दाबतोय. हाकलून दिला. चोर आहे. चांगल्या गाडीत बिघाड काढतात ते मिस्त्री चोर, ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण बिघडलेलीला चांगली म्हणणारा — तो कुठला चोर म्हणायचा? त्याला त्यात काय मिळतं? तेच तर कळत नाही मला. तेच कळत नाही.

तिकडं काय बघताय? ती भिंत. हां, स्वयंपाकघराची. तिथं भगदाड पडलं होतं, विटा नव्या लावल्यात, रंगाला रंग जुळत नाही, बास. ट्रॅक्टरला काय झालं? काही नाही झालं, पुढं लोखंड आहे, त्याला काय होतंय. उसळला तो. मी मागं घ्यायला गेलो आणि हा पुढं उसळला, क्लच सुटला — म्हणजे क्लच गेलाय म्हणून सुटला — आणि गेला भिंतीवर. दोन कपबश्या फुटल्या. फळी खाली आली एक. माझी पोरगी आली होती, आत भांडी घासत होती, तिला काही नाही झालं. केसांत चुना पडला थोडा. ओरडलीसुद्धा नाही. मी इथं सीटवर बसून, इंजिन चालू, चाकं जागच्या जागी माती उकरतायत, आणि मला ते बंद कसं करायचं तेच — आणि ती आतून नळ बंद करून आली. आधी नळ बंद केला तिनं, मी आवाज ऐकला तो थांबल्याचा. मग आली, माझ्या मांडीवरून हात घातला आणि किल्ली फिरवली. पांढरे केस झाले होते तिचे, म्हातारीसारखे. काही म्हणजे काही बोलली नाही. तुमच्यासारखीच.

दुसऱ्या दिवशी मात्र बोलली. म्हणाली, बाबा, ट्रॅक्टर बिघडला असेल तर लागेल ते करून दुरुस्त करू. पण ट्रॅक्टर बिघडला नसेल तर तुम्ही इथं एकटे राहायचं नाही, माझ्याकडं यायचं. तिच्याकडं म्हणजे चौथ्या मजल्यावर. गेलाय कधी तुम्ही असल्या घरात? खिडकी उघडली की समोर दुसऱ्याची खिडकी. गॅलरीत दोन कुंड्या, आणि त्यांना पाणी घालायचं म्हणजे खालच्याच्या डोक्यावर पडणार नाही असं बेतानं घालायचं. मी काय करू तिथं? कुंड्यांभोवती फिरू? मिस्त्रीवर तिचा विश्वास, माझा नाही. माझ्यावर माझा विश्वास, तिचा नाही. मग मीच म्हटलं — हो, मीच म्हटलं — विकायला काढ. जाहिरात दे. घ्यायला कुणी तरी परका येईल, चालवून बघेल, आणि तो सांगेल ते दोघांनी मानायचं. तो म्हणाला क्लच गेलाय, तर विकायचा नाही, दुरुस्त करायचा आणि मी राहणार इथंच. लगेच कबूल झाली. वेडी. तिला व्यवहार कुठं कळतो? मला ठाऊक होतं, घेणारा खोड काढणारच. नव्या कोऱ्याला काढतात, याला नाही काढणार? डोळे मिटून पैज लावली मी. आणि आलात कोण, तर तुम्ही.

मग बसा आता. बसा वर, बघा स्वतः. तिकडून नाही, डावीकडून चढतात, तेवढं तरी — हां. किल्ली फिरवा. थांबा, सुरू व्हायचा नाही, गार इंजिनाला दोन-तीनदा —

झालं सुरू. बरं. होतं कधी कधी. आता क्लच दाबा आणि टाका गियर, आणि कान उघडे ठेवा. दात विचकेल बघा. घाबरू नका. टाका.

टाकलात का?

टाकला? मग आवाज — थांबा, पुन्हा टाका. इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नसेल मला. पुन्हा. बाहेर काढा आणि पुन्हा टाका. … मागचा टाका. मागच्याला ओरडतो तो. मागचा टाका!

सोडा आता पाय. झटकन सोडा, हळू काय सोडताय — कसा जातोय बघा, लोण्यावरून गेल्यासारखा. थांबा तिथं. पुन्हा पुढं. चढावर न्या, चढावर कळेल. तिथं थांबवा आणि पुन्हा उचला, तिथं हमखास — नाही. नाही उसळला.

बंद करा ते. बंद करा! डोकं उठलं माझं.

तुमचं वय काय हो? हं. म्हणूनच. तुमच्या पायात जोर आहे, दोन्ही पायांत, तुम्ही कसलाही क्लच दाबाल, गेलेलासुद्धा दाबाल. त्यानं क्लच चांगला ठरत नाही. माझा पाय खाली टेकला की मला वाटतं टेकला, पूर्ण टेकला, पार तळाला, शपथ घेऊन सांगतो तळाला — मग तो वर कसा असतो? कोण उचलतं त्याला? बघू नका माझ्या पायाकडं. मी ट्रॅक्टर विकतोय, पाय नाही.

ऐका. खाली उतरा आणि ऐका. ती येईल आत्ता. तिला एवढंच सांगायचं, क्लच गेलाय. दोन शब्द. खोटं नाही हो ते, व्यवहारात बोलतातच सगळे, तुम्ही नुसती रीत पाळायची. वर काही सांगू नका, ट्रॅक्टरला शिव्या घाला, मला घाला हव्या तर, आणि चालते व्हा. तुम्हाला दुसरे पुष्कळ मिळतील, हवा तर मी येतो तुमच्याबरोबर निवडायला, अशी नावं ठेवीन की मालक हात जोडेल. मला दुसरं — अरे बाबा, असा काय बघतोस? असं नाही बघायचं माझ्याकडं. कुणी मेलंय का इथं? मान हलव. हो का नाही, काहीतरी हलव!

आली. त्या दारातच होती की काय मघापासून. ये, ये, हे गृहस्थ सांगतायत बघ तुला. सांगा हो. सांगा ना तिला, काय झालंय ते. मघाशी मला म्हणालात तेच —

काय?

ऐकलं मी. मी बहिरा नाही. परत सांगायची गरज नाही. तिनंही ऐकलंय.

मग उभे काय राहिलात असे मेख मारल्यासारखे? घेऊन जा. पुढच्या चढावर दुसऱ्या गियरनं न्या, पहिल्यात टाकून उगाच बोंबलायला लावू नका त्याला. आणि इथं पुन्हा येऊ नका, आभार मानायला नको, काही विचारायला नको. एवढं बघून एक वाईट शब्द तोंडातून निघाला नाही तुमच्या. लाज वाटली पाहिजे. निघा!

तू कशाला हात पुढं करतेस? मला नकोय हात. माझा मी चालत आलो, माझा मी आत जाईन. … नको म्हटलं ना. … थांब. थांब जरा.

त्या बाजूनं नाही. डावीकडून धर.