दयारामचा चायना टच

नाही, मी म्हणतो, गरज काय होती हो टचच्या फोनची? मुरुडला लॉजच्या काउंटरवर बसणारा हा दयाराम, चांगला बटनांचा फोन होता, पण नाही! चायनाचा टच घेतला, आणि स्टँडसमोरच्या दुकानातून कार्डात गेम भरून आणला... बेडूक चिरडायचा! तेव्हा गेम असेच भरून आणायचे. फोनच्या कुशीत काडीसारखं पेन, त्यानं बेडकाच्या टाळक्यावर टिचकी मारायची. पेन हरवलं. मग हा नखानं खुपसतोय, खराट्यातल्या माडाच्या हिरानं खुपसतोय... पडदाच चळला! दाबावं इथं, दाबलं जायचं तिथं!

आणि नेमका त्याच सकाळी म्हसळ्याहून हेमालीचा फोन. तुम्हाला सांगतो, दोघांचं जमलेलं, घरी कुणाला पत्ता नाही, आणि तिला बघायला त्या दिवशी पाहुणे यायचे होते, हे दयारामला ठाऊक! दयारामनं हिरवं दाबलं... लाल लागलं! कट! पुन्हा आला, पुन्हा कट! हा उलट फोन लावायला गेला तर गेम उघडला, डराव, डराव! बॅटरी काढून घातली, तरी तेच. दाबावं इथं, दाबलं जायचं तिथं! दुसऱ्याचा फोन घ्यायचा म्हणता? अहो, नंबर पाठ कुणाला असतो!

काउंटर टाकून पळाला बिचारा. रिक्षा, आगरदांड्याची लाँच, दिघीहून टमटम... लाँचमध्येही टोचतोच आहे. खलाशी म्हणतो, "काय मारतोस रं?" "बेडूक!" डोळ्यांत पाणी हो त्याच्या!

म्हसळ्यात पोचला तर पाहुणे जेवूनखाऊन ओटीवर सुपारी कातरतायत. हा अंगणातूनच ओरडला, "मला हेमालीशी लगीन करायचंय!" अडकित्ता हवेतच थांबला! तिचा बाप काळूराम उठला. "वळखतेस व्हय गो याला?"

हेमाली फणकारली, "दोनदा फोन कापला तो ह्योच!"

"कापला न्हाय गो! दाबतो इथं, दाबलं जातं तिथं!" दयाराम रडकुंडीला येऊन फोन पुढं करतोय... तिनं हिरवं दाबलं. डराव!

काळूराम म्हणाला, "फोन ऱ्हाऊ दे. मानूस कसा हाय?"

"फोनासारखा न्हाय," हेमाली म्हणाली. म्हाताऱ्यानं पाहुण्यांना हात जोडले.

झालं हो लग्न! आता नवा फोन आलाय, पोरं शाळेत जातायत, आणि हेमालीचं नाव दिसलं की दयाराम अजूनही हातातलं सगळं टाकून पहिल्या रिंगलाच उचलतो... आणि तिकडून रोज काय? "येताना कोथिंबीर आणा."