मागचे मोठे टायर

कोराडीहून शहरात येणाऱ्या बसमध्ये एका बाकावर एक म्हातारा ट्रक ड्रायव्हर, त्याची बायको आणि पुतण्या बसले होते. म्हाताऱ्याच्या मुठीत ट्रकची किल्ली होती.

“काका, नोकरी सोडून मालकाले किल्ली वापस द्याले काहून निघाले?”

“हात चुकून राहिला गा, रुपराव. परवा वळणावर मीटरवर चाळीसच होते. तेवढ्यावर ट्रक नेहमी आरामात वळते. पण परवा पुलाच्या कठड्याले घासला.”

“मालकानं टायर बदलले काय?”

“मागचे बदलले, पोळा झाल्यावर. पहिल्यापेक्षा मोठे हायेत.”

“मंग झालं! मीटर चाकाचे फेरे मोजते. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता कापते, ते मीटरले कुठं समजते? ते चाळीस दाखवते, अन् ट्रक चव्वेचाळीसनं पळते.”

“म्हणून काटोलचा रस्ता पाच-सहा किलोमीटर कमी भरून राहिला! मले वाटलं, मीटरच बिघडलं.”

“तुमचा हात शाबूत हाय, काका. मीटरवर चाळीसच्या जागी छत्तीस ठेवा, बस.”

म्हाताऱ्यानं किल्ली खिशात टाकली.

“बरं झालं तू भेटला, बापा.”

“काय बरं झालं?” बायको एकदम बोलली. “लगन झाल्यापासून हा माणूस रस्त्यावरच हाय. आता कुठं घरी येऊन राहिला होता. तुले आजच हुशारी सुचली काय गा, रुपराव?”

सदरचा स्टॉप आला.

“उतरा,” ती नवऱ्याला म्हणाली. “मालकाचं घर आलं.”

म्हातारा जागचा हलला नाही. बस सुटली, तशी ती खिडकीकडे तोंड करून बसली.