संघाचा काडीमोड

(वाळवंटातली निर्वासितांची छावणी. तेकबरचा तंबू.)

सालेक : पण खाला, फुटबॉलच्या संघाचा काडीमोड होत नाही.

तेकबर : का होत नाही? तुमचा बूजेमा एक दिवस न सांगता स्पेनला निघून गेला. तिथे टायरच्या दुकानात लागला. फोन उचलत नाही. नवरा असं वागला तर आपण त्याला काय म्हणतो?

सालेक : तो नवरा नव्हता, प्रशिक्षक होता.

तेकबर : आणि तुम्ही अकरा जण चार महिने मैदानावर जाऊन त्याची वाट बघत बसलात. बाईसुद्धा इतकी बसत नाही. ती तीन महिने मोजते. मग आम्ही तंबू ठोकतो, ढोल काढतो, तिला मेंदी लावतो आणि साऱ्या छावणीला कळवतो, की बाई मोकळी झाली, ज्याला किंमत कळते त्यानं यावं. आज तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर तुमचा समारंभ आहे. पोरांना अंघोळ करून यायला सांग.

सालेक : पाण्याचा टँकर सोमवारी येतो.

तेकबर : मग तोंड धुऊन.

सालेक : खाला, नीट ऐक. उद्या दुपारपर्यंत दाखला असलेल्या प्रशिक्षकाचं नाव कळवलं नाही तर आपण बाद. ज्यांना देश नाही अशांच्या स्पर्धेतूनच बाद झालो, तर पुढे जायचं कुठे? आपली जागा कुठल्याशा बेटाला देणार आहेत. वस्ती तीनशे. त्यातले निम्मे संघात.

तेकबर : त्यांनाही देश नाही?

सालेक : आहे. पण तो त्यांना आवडत नाही.

तेकबर : नशीबवान आहेत.

सालेक : सहा वर्षं मी अर्ज करतोय. सहा वर्षं आपण अजिंक्य आहोत, कारण मैदानापर्यंत कुणी पोचूच दिलं नाही. यंदा पहिल्यांदा व्हिसे मिळाले, तेही मोजून अकरा. राखीव खेळाडूंचे नाकारले. मला वकिलातीतल्या साहेबानं विचारलं, तुम्ही परत जाल याची हमी काय? मी म्हटलं, साहेब, आमचे सगळे लोक या वाळवंटात पन्नास वर्षं बसून तेवढंच मागताहेत, आम्हाला आमच्या घरी परत जाऊ द्या. तो म्हणाला, त्याचा विभाग वेगळा.

तेकबर : सभ्य असणार बिचारा.

सालेक : मी छत्तीस वर्षांचा गोलकीपर आहे. पुढच्या वर्षी माझे गुडघेच मला व्हिसा देणार नाहीत. मला एकदा, फक्त एकदा, गवतावर पडून बघायचंय. आपल्या खडीवर झेप घेतली की आठवडाभर फळ्यावर लिहिता येत नाही.

तेकबर : म्हणून बूजेमाला निरोपावर निरोप पाठवतोस?

सालेक : चौदाच पाठवले.

तेकबर : पाय धरले की तोच नवरा परत मिळतो, तोही आधीपेक्षा माजलेला. ढोल वाजवला की दुसरे येतात.

सालेक : दुसऱ्या कुणाकडे दाखला नाही.

तेकबर : आधी माणूस बघावा. कागद मागून येतो. आणि तूही मेंदीला बसायचंस. कर्णधार आहेस.

(दुसऱ्या दिवशी, सकाळची शाळा सुटल्यावर, त्याच तंबूत. सालेकचे दोन्ही तळवे मेंदीनं रंगलेले.)

सालेक : आज वर्गात एकाही पोरानं पाढे म्हटले नाहीत. सगळी माझे हात बघत बसली.

तेकबर : रंग चांगला चढलाय. पण मागणी घालणारे आले की नाही? तीन आले.

सालेक : आले ना. पहिले कमांडर अलियेन. त्यांची योजना अशी, की मैदानाच्या मधोमध वाळूची भिंत घालायची. मी म्हटलं, नियमात बसत नाही. तर म्हणाले, शत्रूनं आपल्या देशातून घातलेली वाळूची भिंत कुठल्या नियमात बसते? एकदा भिंत उभी राहिली की पन्नास वर्षं कुणी पलीकडे जात नाही, अनुभव आहे.

तेकबर : अनुभव आहे खरा.

सालेक : दुसरा तुझा दीर. तो उंट घेऊन आला आणि अर्धा तास विचारत राहिला, की यातली नवरी कोणती. आमच्या डाव्या बचावपटूकडे तो फार वेळ बघत होता.

तेकबर : त्याची नजर आता अधू झालीय. पण मला तो दंतवैद्य आवडला. लेहबीब. शिकलेला, शांत.

सालेक : बारा वर्षं क्यूबात शिकला. तिथे सगळे बेसबॉल खेळतात. त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, दांडू कुणाच्या ताब्यात असतो? बाकी माणूस कामाचा. सगळ्या संघाचे दात तपासले. महजूबची एक दाढ किडलीय म्हणाला.

तेकबर : माझ्या महजूबची? मला नाही बोलला. एकुलता एक मुलगा, पण आईला काही सांगायचं नाही.

सालेक : खाला, फोन वाजतोय. बूजेमा आहे.

तेकबर : वाजू दे जरा. आपणही कामात आहोत असं वाटू दे. हं, आता घे. आवाज मोठा कर, मलाही ऐकू दे.

बूजेमा : तेकबर, बरी आहेस? महजूब बरा? शेळ्या बऱ्या? तुझी कंबर बरी? तंबू बरा? वारा कसा आहे? शेजारी बरे? काल पोरांनी पाठवलेली समारंभाची चित्रफीत बघितली. मधल्या गादीवर बसलेला तो टकल्या कोण?

तेकबर : अल्लाची कृपा, सगळं बरं. तो दंतवैद्य.

बूजेमा : माझ्या जागेवर बसला होता.

तेकबर : जागा मोकळी होती.

बूजेमा : मी काडीमोड दिला नव्हता. कामासाठी आलो होतो.

तेकबर : सगळे हेच म्हणतात. आम्ही तीन महिने मोजले, वर एक महिना जास्तीचा दिला.

बूजेमा : ते राहू दे. दाखला माझ्याकडे आहे. माझं नाव लिहा, मी थेट विमानतळावर येतो. पोरांना दात दाखवत बसायला लावू नका.

सालेक : लिहितो. आत्ताच लिहितो.

तेकबर : थांब. बूजेमा, स्पर्धा संपली की इकडे परत येशील?

सालेक : खाला, दुपार व्हायला आली.

तेकबर : मी त्याला विचारतेय.

बूजेमा : खोटं नाही बोलणार. दहा दिवसांची रजा मिळालीय. दहा दिवस मी तुमचा. मग दुकान.

तेकबर : आणि पोरांनी विचारलं, की दुकानात आणखी माणूस लागतो का?

बूजेमा : मी आपणहून कुणाला काही सांगणार नाही.

तेकबर : विचारलं तर म्हणतेय मी.

बूजेमा : तेकबर, महजूबचा निरोप आलाय मला. परवाच.

तेकबर : काय विचारलं त्यानं?

बूजेमा : टायरचं काम शिकायला किती दिवस लागतात.

सालेक : बूजेमा, तू ठेव फोन.

तेकबर : नको ठेवूस. किती लागतात?

बूजेमा : पोरगा हुशार असला तर दहा.

तेकबर : हुशार आहे तो. ठेव आता.

सालेक : खाला, मी दंतवैद्याचं नाव लिहितो.

तेकबर : त्याच्याकडे दाखला कुठे आहे?

सालेक : दातांचा आहे. ते आपल्याला बाद करतील. अकराही जण घरी राहतील.

तेकबर : आणि तुझं गवत?

सालेक : बेटावरचे लोक बघतील त्याच्याकडे.

तेकबर : लिही.

सालेक : लेहबीब?

तेकबर : बूजेमा. स्वच्छ अक्षरात लिही, नाहीतर त्यावरून पुन्हा काही काढतील.

सालेक : लिहिलं. पाठवू?

तेकबर : पाठव. दहा दिवसांनी तो तुम्हाला पुन्हा सोडणारच आहे. तंबू मी काढत नाही. पुन्हा समारंभ करू.

सालेक : बरं.

तेकबर : मेंदी मी अकरा जणांची भिजवीन.