वेलजीभाईंना नावं ठेवा

श्रोतेजन हो, स्थिर व्हा. चपला कुठे काढल्या त्याची चिंता नंतर करा. ज्याला न्यायच्या आहेत तो तुमच्या चिंतेने थांबणार नाही. आजचा प्रश्न ऐका — माणसाचं नाव राहतं कशाने?

घाईने उत्तर देऊ नका. आपल्या भाषेत नाव हा शब्द मोठा वस्ताद आहे. मुलगा नाव काढतो, तोच मुलगा नाव घालवतो. सून चारचौघांत उखाण्यात नाव घेते आणि स्वयंपाकघरात जाऊन सासूला नावं ठेवते. — का हो, डाव्या अंगाच्या बायका का हसल्या? मी कुणाकडे बोट दाखवलेलं नाही. आपण जन्मल्यापासून ही भाषा बोलतो, म्हणून निभावतो. जो परमुलखातून आला त्याने काय करावं? ऐका, वेलजीभाई पटेलांचं काय झालं ते.

वेलजीभाई मूळचे कच्छचे. पाऊस ज्या मुलखावर रुसलेला, तिथले. तरुणपणी बायकोला, मोंघीबेनला, बरोबर घेऊन आपल्याकडे बोरवडीस आले आणि चुलत्याच्या लाकडाच्या वखारीत करवत ओढू लागले. मराठी शिकले ती गिऱ्हाइकांशी घासाघीस करताना. त्यामुळे 'परवडत नाही' हे वाक्य त्यांचं फार शुद्ध होतं. बाकीची भाषा तासायची राहून गेली. वखारीतून ते दारं-खिडक्यांत शिरले, दारं-खिडक्यांतून घरं बांधण्यात, आणि बघता बघता तालुक्याचे बिल्डर झाले.

पहिली इमारत बांधली, तिचं नाव वेलजी सदन. दुसरीचं वेलजी निवास. मग वेलजी छाया, वेलजी दर्शन, वेलजी पार्क. पोस्टमनने बदली मागून घेतली. एका घरच्या मुंजीचे पाहुणे भलत्याच वेलजीत जाऊन जेवले, आणि वर बासुंदीची स्तुती करून परतले.

हसा, पण त्या हव्यासाच्या तळाशी काय होतं तेही पाहा. घरात मूल नव्हतं. नवस झाले, वैद्य झाले, वय झालं. रोज संध्याकाळी वेलजीभाई आपल्या इमारतींवरून फेरी मारीत आणि पाट्या वाचीत. मनात एकच भय — आपण गेलो की आपलं नाव उच्चारणारं कोण उरेल? शेवटी त्यांनी ठरवलं, गावाला प्रसूतिगृह बांधून द्यायचं. बोरवडीच्या लेकीसुनांना बाळंतपणासाठी जीपमधून जिल्ह्याला न्यावं लागे. कित्येक जीव घाटाच्या वळणावरच जन्माला येत. असं काम केलं तर गाव विसरेल कसं?

जागा हवी होती ती स्टँडजवळची, आणि ती होती द्वारकाबाई काटकरांची. बाई वृद्ध, विधवा आणि कुणाच्या बापाला न भिणारी. गावसभा भरली. वेलजीभाई उभे राहिले, हात जोडले. त्यांच्या गुजरातीत 'नाम राखजो' म्हणजे नाव राखा, नाव सांभाळा. तेच त्यांनी प्रामाणिकपणे मराठीत आणलं.

"मला तुमच्याकडून कायपण नको. फक्त सगळ्या गावाने मला नावं ठेवावीत. मी जिवंत आहे तोवर ठेवा, मेल्यावर तर रोज ठेवा. तुमच्या मुलांनापण शिकवा."

सभेतून द्वारकाबाई म्हणाल्या, "अवो वेलजीशेठ, ते तर आम्ही रोजच करतो. त्यासाठी दवाखाना कशाला बांधायचा?"

असा हशा उठला की पिंपळावरचे बगळे उडाले. वेलजीभाईंना वाटलं, गाव आनंदलं. तेही हसले. मग सरपंचांनी कानाशी लागून अर्थ सांगितला, आणि त्या माणसाचा चेहरा असा उतरला की हसणाऱ्यांनाही ओशाळं वाटलं.

"माझ्या मागे तुम्ही हेच करता?"

"मागं कशाला? तोंडावर ऐकायची तयारी असंल तर सांगतो," द्वारकाबाई म्हणाल्या. "जागा मी फुकट देते. पाटी तुमच्याच नावाची लावा, हाताएवढ्या अक्षरांत. पण आधी इथं बसून गावाची नावं ऐकून घ्यायची. सगळी."

वेलजीभाई बसले. वेलजी छायातला मास्तर उठला. "आमचं दार पावसाळ्यात उघडत नाही आणि उन्हाळ्यात लागत नाही. चोर येत नाही तो निव्वळ गोंधळतो म्हणून."

निवासातली सून म्हणाली, "वरच्या वहिनींनी अंघोळ केली की आमचीपण होते."

"वेलजी पार्कात पार्क कुठाय?" मागून कुणीतरी विचारलं.

"नावात आहे ना," वेलजीभाई म्हणाले.

"मग पोरांना नावातच खेळायला सोडू?"

आता मात्र वेलजीभाई उठले. "परवडत नाही," असं खणखणीत शुद्ध मराठीत म्हणाले आणि चालते झाले. प्रसूतिगृह रद्द.

घरी आले. मोंघीबेन चुलीपुढे फडक्याने पाणी टिपत होत्या. वेलजीभाईंनी सगळा संताप त्यांच्यापुढे ओतला — तो कच्छी बोलीत होता, मी आपल्या भाषेत सांगते. "दगड उचलला, लाकूड कापलं, या लोकांना छप्पर दिलं, आणि हे मला नावं ठेवतात. तू सांग. तू माझ्या हातच्या घरात जन्म काढलास. तू कधी ठेवलंस?"

मोंघीबेन म्हणाल्या, "आमच्यात धन्याचं नाव घेत नाहीत. जे घेतच नाही ते ठेवू कसं?"

"म्हणजे ठेवण्यासारखं काही आहे?"

बाईंनी कळशी उचलली आणि मोरीत रिकामी केली. पाणी क्षणभर थबकलं, जणू विचारात पडलं, आणि मग भोकाकडे पाठ फिरवून सरळ चुलीकडे आलं. वेलजीभाईंचे पाय भिजले.

"हे कधीपासून?"

"गृहप्रवेशापासून. तुम्ही पुरुष पाणी ओतता आणि निघून जाता. ते कुठे जातं ते बाई बघते."

श्रोतेजन हो, गावाने जे शंभर तोंडांनी सांगितलं ते त्या माणसाच्या डोक्यात शिरलं नव्हतं. ते तळपायांतून शिरलं. वेलजीभाई तसेच ओल्या पायांनी द्वारकाबाईंच्या ओसरीवर गेले. म्हणाले, "बाई, राहिलेली नावं ठेवून टाका."

आधी स्वतःच्या घरातली मोरी फोडली. मग निवासाच्या मोऱ्या, छायाची दारं, दर्शनची गच्ची. पार्कात झाडं लागली, पोरांना झोपाळा आला. हे उरकल्यावरच द्वारकाबाईंनी जागेवर कुदळ मारू दिली. प्रसूतिगृह बांधताना वेलजीभाईंनी पोटुशा बायकांना विचारून पायऱ्यांऐवजी उतार केला. फरशी बसली की मोंघीबेन कळशी घेऊन येत आणि प्रत्येक खोलीत पाणी ओतून बघत. एका खोलीत पाणी दाराकडे आलं, तर वेलजीभाईंनी पहार स्वतःच्या हाताने उचलली.

पाटी लागली. हाताएवढी अक्षरं — वेलजी प्रसूतिगृह. रस्त्याच्या वळणावरून दिसे. वेलजीभाई समाधान पावले.

आता पुढे ऐका. तिथे पहिलं बाळंतपण झालं ते कुंभाराच्या सुनेचं. बारसं तिथेच करायचं ठरलं, पण मुलाच्या बापाला बहीण नाही. आत्याशिवाय नाव ठेवायचं कुणी? बायकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मोंघीबेनला पाळण्याशी ओढलं. त्या वाकल्या, बाळाच्या कानात कुर्र केलं, आणि रीतीप्रमाणे त्यांच्या पाठीत बायकांचे असे धपाटे बसले की बिचारीला वाटलं, काही चुकलं. अर्थ कळला तेव्हा त्या पाठ पुढे करून हसत राहिल्या, आणि डोळे पुसत राहिल्या. मग ज्याला आत्या नाही त्याची आत्या मोंघीबेन. पुढे ज्याला आहे त्याचीही. तिन्ही त्रिकाळ धपाटे खाऊन बाईंची पाठ दुखे. पण लेप लावायला येणाऱ्या भावजया आता गावभर होत्या.

असाच काही काळ गेला. वेलजीभाई परगावाहून आले, स्टँडवर उतरले. जायचं जवळच, पण पायाला सूज होती, म्हणून रिक्षा केली. रिक्षावाला जवळच्या वाडीचा, धंद्यात नवा; त्यांना ओळखत नव्हता.

"वेलजी प्रसूतिगृह."

"असलं काय गावात न्हाई, काका."

"अरे, एवढी मोठी पाटी आहे."

"पाट्या काय, लई असत्यात." रिक्षावाल्याने डोकं खाजवलं. "पोरं होत्यात ते म्हणताय का? मंग मोंघीआत्याकडं म्हणा की."

पाटीची हाताएवढी अक्षरं, तिच्यावरची बेल्जियमची काच, वरचा रात्रीचा दिवा. आणि गावाच्या तोंडी काय, तर जिने जन्मात त्यांचं नाव घेतलं नाही, तिचं. राग यावा म्हणून ते थोडं थांबले. राग आला नाही; हसू आलं.

"हां, तिकडेच," ते म्हणाले. "मी तिचा नवरा."

रिक्षावाला मागे वळला, खाली उतरला, पिशवी हातातून घेतली. "अवो, मंग आतोबा म्हणा की! माझी धाकटी तिथलीच हाय. बसा, आतोबा."

दुसऱ्या दिवसापासून सगळा स्टँड त्यांना आतोबा म्हणू लागला. गावाने त्या माणसाला नाव ठेवलं. या वेळी एकवचनी.

कळलं का? मान डोलावू नका, वर बघा. तुमच्या डोक्यावर या मंडपाचा पंखा फिरतो आहे. त्याच्या तिन्ही पात्यांवर तुमच्यापैकीच कुणीतरी स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव लिहून घेतलं आहे. पंखा चालू असेतो ते वाचता येत नाही, आणि वाचायचं तर पंखा बंद करावा लागतो. ज्याला आपलं नाव वाचायचं असेल त्याने उठावं, भिंतीवरचं बटण दाबावं. मी थांबते.

कुणी उठत नाही? मग टाळ उचला. आता त्याचं नाव घ्यायचं आहे, ज्याने आजवर कुठेही पाटी लावलेली नाही.